आठवणींच्या वहीतली मिरज

सांगलीहून मिरज अवघी दहा किलोमीटर. वडापमध्ये जागा मिळाली की अर्ध्या तासाच्या आत माणूस मिरजेत. पण आमच्या भागात कुणी म्हटलं, "त्यांना मिरजेला नेलंय," की ऐकणारा आधी विचारतो, "काय झालं?" १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथं मिशनचा दवाखाना उभा केला आणि तेव्हापासून हे गाव औषधपाण्याचं गाव झालं. सांगली-कोल्हापूरचे, कर्नाटकातल्या सीमेवरचे, दूरदूरचे आजारी लोक इथं येतात. दवाखाने, तपासणीच्या लॅब, औषधांची दुकानं, नातेवाइकांसाठी खोल्या आणि खानावळी यांवर शहराचा अर्धा कारभार चालतो.

आमच्या शाळेतल्या विशेष गरजा असलेल्या मुलांनाही मिरज ठाऊक होती ती एवढीच. कुणी फिट्सच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला येणारं, कुणी व्यायामोपचारासाठी, कुणी दाखल्याच्या तपासणीसाठी. गाडी मिरजेच्या दिशेला वळली की एक मुलगी रडायला लागते, हे तिच्या अम्मीनं मला सांगितलं होतं. या गावाची दुसरीही ओळख आहे आणि ती बोटांनी, कानांनी, नाकानं घेता येते. वर्षअखेरीच्या आठवणींच्या वहीसाठी आम्ही मिरज निवडली ती त्यामुळे.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. विशेष शिक्षणाची पदवी माझ्याकडे नाही. आमच्या विशेष शिक्षिका, ज्यांना सगळी मुलं बाजी म्हणतात, त्यांच्या हाताखाली काही वर्षं काम करून जे शिकले ते शिकले. वर्गात अकरा मुलं. कुणाला बौद्धिक अक्षमता, कुणाला स्वमग्नता, एकीला सेरेब्रल पाल्सी, एकाची नजर फार अधू. मुलांची नावं इथं देत नाही.

एप्रिलमध्ये बाकीच्या मुलांच्या हातात प्रगतिपुस्तक पडतं. आमच्या मुलांनाही पडतं, पण ते वाचून त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना फारसं काही हाती लागत नाही. वर्षभरात पोरानं काय पाहिलं, कशाला हसलं, कशाला घाबरलं, कोणती गोष्ट पहिल्यांदा स्वतः केली, हे गुणांच्या रकान्यात बसत नाही. जे मूल बोलून सांगू शकत नाही, त्याच्यासाठी तर कालचा दिवस कुणी जपला नाही तर नाहीसाच होतो. म्हणून वही. फेब्रुवारीतले चार शनिवार ठरवले, चार ठिकाणं ठरवली आणि सात अम्मींना सोबत घेतलं.

स्टेशन

पहिला शनिवार मिरज जंक्शनचा. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चारी बाजूंचे रूळ इथं येऊन मिळतात. एकेकाळी या स्टेशनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रुंदीचे रूळ होते. आता सगळं ब्रॉडगेज आहे.

स्वमग्नता असलेला आमचा एक मुलगा मिक्सरच्या आवाजालाही कान झाकून घेतो. त्याला न्यावं की नको यावर बराच खल झाला. शेवटी त्याच्यासाठी कानावरचे जाड पट्टे घेतले आणि गर्दी कमी असते अशी वेळ निवडली. गाडी आली तेव्हा त्यानं पट्टे घट्ट धरले. पण गाडीच्या आधी होणारी घोषणा त्याला इतकी आवडली की ती संपताच तो तीच घोषणा, त्याच चालीत, मराठीत आणि हिंदीत म्हणू लागला. बाकावरचा एक हमाल उठून उभा राहिला आणि म्हणाला, "पोरा, माझी गाडी आली की काय!" आम्ही तो आवाज मोबाइलवर टिपला. त्याच्या वहीत त्या पानावर प्लॅटफॉर्म तिकीट चिकटवलंय आणि खाली एकच ओळ आहे : 'मी गाडी बोलावतो.'

तिथंच एका अम्मीनं, जी वर्गाच्या बैठकीत कधी तोंड उघडत नाही, मुलांना रूळ दाखवत सांगितलं, "इथून माझ्या माहेरी पाणी गेलं होतं." तिचं माहेर लातूर. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं, तेव्हा मिरजेहून पाण्याच्या रेल्वेगाड्या गेल्या. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. तिच्या अब्बांनी त्या पाण्याची एक कळशी भरून घेतली तेव्हा फोन करून सांगितलं होतं, "बेटा, तुझ्या सासरचं पाणी प्यालो." तिच्या मुलाच्या वहीत त्या पानावर निळ्या कपड्याची कळशी आहे. ती तिनंच कापून लावली.

सतारमेकर गल्ली

दुसरा शनिवार सगळ्यांत लांबला. मिरजेच्या सतारी आणि तानपुरे देशभर जातात, परदेशातही जातात. २०२४ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. ही कला ज्यांनी उभी केली ते मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-हत्यारांना धार लावणारे, घडवणारे कारागीर. संस्थानांचं आणि लढायांचं युग सरत गेलं, हत्यारांचं काम आटलं, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब आणि त्यांच्या भावानं वाद्यं दुरुस्त करता करता घडवायला घेतली. तोच हात धारेवरून तारेवर आला. आज पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या वंशजांची घरं हेच काम करताहेत.

ज्या कारखान्यात आम्ही गेलो तिथल्या चाचांनी आधीच विचारलं होतं, "मुलं वस्तूंना हात लावतील ना?" मी म्हटलं, "लावू देणार असाल तरच येतो." ते म्हणाले, "बघायलाच यायचं असेल तर दुकानात जा. कारखान्यात हात लावायलाच यायचं."

कडू भोपळे छताला टांगलेले होते. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. वाळवून, कापून, पाण्यात भिजवून, आतला गर आणि बिया काढून त्याचा आकार ठीक करतात. मग त्यावर तूनच्या लाकडाचा गळा आणि दांडी बसते. नंतर खुंट्या, घोडी, नक्षी, पॉलिश आणि सर्वांत शेवटी जवारी. जवारी म्हणजे घोडीचा वरचा पृष्ठभाग कानस मारून असा काढायचा की तार नुसती वाजून थांबणार नाही, तिचा स्वर फुलत राहील. चाचा म्हणाले, हे काम मोजून होत नाही, ऐकून होतं. तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून त्यांनी दाखवलं. एका जागी आवाज मुका होता, केसभर सरकवल्यावर खोली भरून गेली.

नजर अधू असलेल्या मुलानं वाळलेला भोपळा हलवला, आतल्या बिया खुळखुळल्या आणि त्यानं विचारलं, "इसमें कौन है?" सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीच्या व्हीलचेअरला टेकवून चाचांनी तानपुरा उभा केला आणि चारही तारा छेडल्या. तिचं अंग नेहमी ताठलेलं असतं. तिनं भोपळ्यावर गाल ठेवला आणि तसाच राहू दिला. तारा पुन्हा पुन्हा छेडल्या गेल्या तरी ती हलली नाही. शेजारच्या मुलानंही पोट लावून पाहिलं आणि ओरडला, "बाजी, ये तो पेटमें बजरा!" आमच्या वह्यांतली सर्वांत लाडकी ओळ हीच आहे. अकरांपैकी सहा जणांनी आपल्या पानासाठी तीच मागितली.

सतरा वर्षांचा एक मुलगा वर्गात एका जागी दहा मिनिटं बसत नाही. त्याच्या हातात चाचांनी पॉलिशकागद दिला आणि दांडीचा एक तुकडा. तो पाऊण तास घासत होता. अधूनमधून बोट फिरवून पाहायचा, पुन्हा घासायचा. निघताना चाचांनी तो तुकडा त्यालाच दिला. म्हणाले, "एवढा गुळगुळीत माझा नवा पोरगा करत नाही."

दर्गा, बाजार आणि घाट

तिसरा शनिवार मीरासाहेबांच्या दर्ग्याचा. दर्ग्याला जाण्याविषयी आपल्या घराघरांत मतं वेगवेगळी आहेत, म्हणून आधी चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. दोन घरांनी नको म्हटलं. त्या मुलांना बाजी लक्ष्मी मार्केटकडे घेऊन गेल्या आणि त्यांच्या वहीत त्या दिवसाचं पान बाजाराचं आहे : विड्याचं वाळलेलं पान, हळकुंडाचा तुकडा, तराजूचं चित्र. ज्यांच्या घरांनी होकार दिला ती मुलं माझ्याबरोबर आली. कुणाची वही अपुरी राहिली नाही.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि १९३७ मध्ये वारले. त्यांची कबर या दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गवयांची सभा होते, मोठमोठे कलावंत येऊन सेवा म्हणून गातात. याच उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. मुलांना मी एवढं सगळं सांगितलं नाही. थंडगार फरशी, लोबानचा वास, गुलाबाच्या पाकळ्या आणि कबुतरांचे पंख यांतच ती रमली. पायऱ्यांपाशी व्हीलचेअर अडली तेव्हा फुलं विकणारे दोघे जण न सांगता उठले, खुर्ची उचलून वर ठेवली आणि परत दुकानात जाऊन बसले. त्या मुलीच्या वहीत त्या जागी चार हातांचे ठसे आहेत.

चौथ्या शनिवारी कृष्णाघाटावर गेलो. फेब्रुवारीत नदी शांत असते. २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलेलं ज्यांना आठवतं अशी दोन मुलं आमच्यात आहेत. ती घाटाच्या पायऱ्यांवरून खाली उतरली नाहीत आणि आम्हीही आग्रह केला नाही. ती वरच बसली. त्यांच्या पानावर नदी वरून दिसते तशी आहे, दुरून.

वही कशी बांधली

मार्चभर वर्गात वह्यांचं काम चाललं. ज्या घरात असं मूल आहे तिथं ही वही सहज करता येईल, म्हणून थोडं तपशिलात लिहिते.

पानं पातळ नकोत. बुटांच्या खोक्यांचा पुठ्ठा सारख्या मापात कापला, दोन भोकं पाडली आणि जाड नाडीनं सैल बांधला. बोटांत जोर नसलेल्या मुलांसाठी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर भांडी घासायच्या स्पंजचा छोटा तुकडा चिकटवला. त्यामुळे दोन पानांत फट राहते आणि तळहातानंही पान उलटतं. नजर अधू असलेल्याच्या वहीत काळ्या पुठ्ठ्यावर पिवळा कागद आणि बोटभर जाडीची अक्षरं.

एका पानावर एकच गोष्ट : एक फोटो किंवा एक वस्तू आणि एक ओळ. ओळ मुलाच्या तोंडची, घरच्या बोलीतली. जो दखनी बोलतो त्याची ओळ दखनीत. जो बोलत नाही त्याच्यासमोर दोन फोटो धरायचे आणि तो ज्याकडे पाहील किंवा हात नेईल तो लावायचा. यात मोठ्यांना फार संयम लागतो. फोटो आपल्याला आवडला म्हणून चालत नाही. कारखान्यातला सुंदर सतारीचा फोटो सोडून एका मुलीनं चाचांच्या चपलांचा फोटो निवडला. तिच्या वहीत चपलाच आहेत.

हाताला लागेल असं काहीतरी हवंच : भोपळ्याची साल, तारेचा गुंडाळलेला तुकडा (टोकं वळवून), लाकडाच्या कपच्या, पाकळ्या, तिकीट. छोट्या मुलांसाठी सुटतील आणि तोंडात जातील अशा वस्तू टाळल्या. लोबानचा वास कपड्याच्या पुरचुंडीत बांधला, तो महिनाभर टिकला.

फोटोंविषयीही काही घरांत संकोच होता, विशेषतः मुलींच्या. आम्ही त्या वह्यांत चेहरा ठेवलाच नाही. हाताचा आकार पेन्सिलीनं काढला, पायांचे ठसे घेतले, ओढणीच्या कपड्याचा तुकडा लावला. मूल त्याला तितक्याच ओढीनं ओळखतं. आणि कोणताही फोटो शाळेच्या भिंतीवर किंवा मोबाइलच्या ग्रुपवर जाणार नाही, हे आधीच ठरलं होतं.

शेवटचं पान सर्वांत महत्त्वाचं. त्याला आम्ही 'मी' म्हणतो. मला काय आवडतं, मला कशाचा त्रास होतो, मी 'हो' कसं सांगतो, 'नको' कसं सांगतो, घाबरलो तर काय करावं. पुढच्या वर्षीचे शिक्षक, नवा डॉक्टर, पाहुणे आलेली खाला, कुणीही हे पान वाचलं की मुलाची अर्धी वाट सोपी होते.

वही घरी गेल्यावर

एप्रिलमध्ये वह्या घरी गेल्या. सगळीकडे चांगलंच झालं असं नाही. एका मुलानं आठ दिवसांत अर्धी पानं फाडली. त्याच्या दादीनं ती डब्यात जमवून ठेवली आहेत आणि तो तो डबाच उघडून बसतो. एका घरात वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात वर ठेवली होती, "खराब होईल म्हणून." मी सांगितलं, खराब होऊ द्या, पण त्याच्या हातात द्या.

मिरजेचा रस्ता लागला की रडणारी ती मुलगी बोलत नाही. तिच्या अम्मीनं मे महिन्यात दवाखान्याच्या दिवशी वही बरोबर घेतली. बाजींनी सुचवल्याप्रमाणे वहीला दोन सुटी पानं जोडली होती : एक दवाखान्याच्या दाराचं, एक भोपळ्याचं. निघण्याआधी अम्मीनं दोन्ही दाखवली, आधी हे, मग हे. मुलगी रडली, पण रस्ताभर नाही. डॉक्टर झाल्यावर त्या दोघी खरंच गल्लीत गेल्या, चाचांनी एक तार छेडली आणि त्या परत आल्या. आता दर महिन्याला तसंच चालतं. अम्मी म्हणाली, "टीचर, एक काम झालं. पण दिलेला शब्द पाळावा लागतो. एकदा गल्लीत नेलं नाही तर पान खोटं ठरेल." इतकी वर्षं मी शिकवते, पण वचनाचं महत्त्व कुणी एवढ्या नेमक्या शब्दांत सांगितलेलं मला आठवत नाही.

सतरा वर्षांच्या मुलाची गोष्ट अजून चालू आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. त्यापुढे काय, हा प्रश्न आमच्या प्रत्येक घरात अंधारासारखा उभा असतो. त्याच्या अब्बांनी ठरवून टाकलं होतं : शाळा संपली की घरी बसेल, दोन वेळचं जेवण मिळेल, अल्लाह मालिक आहे. वहीतलं पॉलिशकागदाचं पान आणि तो लाकडाचा तुकडा पाहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पाऊण तास? एका जागी?" त्यांच्या साडूचा फर्निचरचा कारखाना आहे. आता आठवड्यातून दोन दिवस ते त्याला तिथं नेतात. मशीनपासून लांब, एका कोपऱ्यात तो खुर्च्यांचे पाय घासतो. पुढे पगार मिळेल की नाही, सांगता येत नाही. साडूंचा धीर किती टिकेल, तेही नाही. पण तो सकाळी स्वतः चप्पल घालून दारात उभा राहतो.

अशा घरांनी आणखी दोन गोष्टी वेळेवर कराव्यात. एक, दिव्यांगत्वाचं युडीआयडी ओळखपत्र. दुसरी, मूल अठराचं होण्याआधी कायदेशीर पालकत्वाची चौकशी. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, ती पालक नेमते. याच ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. अब्बा-अम्मी आहेत तोवर हे कागद नकोसे वाटतात, पण ते नसतील तेव्हा तेच कामी येतात.

पाहुणे आले की अशा मुलाला आतल्या खोलीत ठेवण्याची रीत आपल्या घरांत आहे, हे आपण सगळे जाणतो. प्रेषित (स.) यांनी आपले अंध सहाबी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांच्याकडे अजान दिली आणि स्वतः मदिनेबाहेर असताना त्यांना मदिनेत आपल्या जागीही ठेवलं. ज्यांना आपण आत ठेवतो, त्यांना तिथं सर्वांसमोर उभं केलं गेलं होतं.

ईदच्या दिवशी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीच्या घरी मी शीरखुर्मा प्यायला गेले होते. बैठकीत पाहुणे होते आणि तीही तिथंच होती, खुर्चीत, मांडीवर वही घेऊन. एका चाचीनं विचारलं, "ये क्या है बेटा?" तिनं तळहातानं पान उलटलं, भोपळ्याच्या सालीवर चाचीचा हात ओढून ठेवला आणि चाचीच्या तोंडाकडे पाहत राहिली. चाचीला काही कळलं नाही. मग तिचा धाकटा भाऊ पुढे आला आणि सगळं सांगू लागला : स्टेशन, तार, चार हात, नदी. पाहुणे अर्धा तास मिरजेबद्दल विचारत होते, आणि प्रत्येक वेळी पान उलटत होती ती.